मागेल त्याला, सातबारा असेल तर

२०१६ साली महाराष्ट्र सरकारने ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना आणली. नाव किती मोकळ्या हाताचं! अट मात्र अशी, की मागणाऱ्याच्या नावावर किमान ०.६० हेक्टर जमीन हवी होती. म्हणजे दुष्काळ पडला की आधी ऊसतोडीला निघणाऱ्या भूमिहीनाने मागूच नये. आणि जन्मभर खुरपणारी बाई? तिचं नाव रेशनकार्डावर असतं, सातबाऱ्यावर क्वचित.

बरं, तळी पावसाने तरी भरावीत! अनेक ठिकाणी प्लास्टिक अंथरून त्यात बोअरचं पाणी सोडतात. जमिनीखाली अख्ख्या गावाचं असलेलं पाणी वर येताच एकाचं होतं, उरलेलं उन्हाचं. याला कागदावर जलसंधारण म्हणतात. शेजारच्यांची विहीर आटली, तर त्यांनी टँकरच्या रांगेत उभं राहावं. तिथे सातबारा लागत नाही.