वायरिंगचे शेठ

पुण्याच्या नाना पेठेत गाडीचं सामान घ्यायला गेलात तर हे शेठ तुम्हाला भेटणारच. एका दुकानात नाही, तर पुढच्या. गिऱ्हाईक जळका ॲम्प्लिफायर काखोटीला मारून तरातरा येतं, काउंटरवर आदळतं आणि ओरडतं, "हा काय माल दिलात?" शेठ आवाज चढवत नाहीत. आंबा निवडावा तसे ते ॲम्पच्या कडेला नाक नेतात, डोळे मिटून हुंगतात आणि हळूच विचारतात, "वायरिंग कोणी केलं?"

यांची ग्राहकसेवा म्हणजे हा एवढा प्रश्न. "मेव्हण्यानं" असं उत्तर आलं की शेठ फक्त सुस्कारा सोडतात. मेव्हण्याबद्दल पुढचं सगळं गिऱ्हाईक घरी जाऊन बोलतं. "तुमच्याच पोऱ्यानं" म्हणालात, तर "तो? त्याला मी कधीच काढला." पोऱ्या मागे उभा राहून चहा पीत असतो.

चीड येते ती याची, की शेठ पुष्कळदा बरोबर असतात. लोकांना ॲम्पवरचं 'गेन' म्हणजे आवाजाचंच दुसरं बटण वाटतं. ते पार शेवटपर्यंत पिळलं की ध्वनीच्या लाटेचे माथे सपाट कापले जातात, वूफरची कॉइल तापते, जळून शॉर्ट होते आणि तिच्यापाठोपाठ ॲम्पमधले मॉस्फेट ट्रान्झिस्टर उडतात. चार ओहमचे चार वूफर समांतर जोडले की उरतो एक ओहम, आणि ॲम्पची ताकद असते दोन ओहमपर्यंतची. बिचारा 'प्रोटेक्ट'चा लाल दिवा लावून जीव मुठीत धरतो. एका बहाद्दराला तो दिवा इतका आवडला, की त्यानं डिकीत त्याला मॅचिंग लाल पट्टी लावून घेतली.

खोक्यावरच्या '५००० वॉट'बद्दल मात्र शेठ आपणहून बोलत नाहीत. त्याच ॲम्पला फ्यूज असतात ३० अँपियरचे दोन. गाडी चालू असताना १४ व्होल्ट धरा, ६० नं गुणा: ८४० वॉट. त्यातलेही काही नुसती उष्णता होऊन जातात. बाकीचे चार हजार? "ते क्षणभर येतात साहेब," शेठ म्हणतात. तो क्षण अजून कोणाला सापडलेला नाही.

ग्राहक आयोगाची धमकी द्यावी, तर शेठ उलट उत्साहानं माहिती पुरवतात. "जा ना! पाच लाखांपर्यंतच्या मालाला फीसुद्धा नाही. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ लावून देऊ का?" इतकं सहकार्य मिळाल्यावर भांडायचा हुरूपच जातो. ॲम्प 'कंपनीकडे' रवाना होतो, म्हणजे मागच्या फळीवर.

एकदा मात्र कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या बाई आल्या. हातात मल्टिमीटर. बॉनेट उघडायला लावून बॅटरीवर आकडा दाखवला १४.१. नवा ॲम्प जोडून गाणं लावलं आणि ॲम्पच्या टोकाशी मोजला: १०.९. "मधले तीन व्होल्ट कुठे गेले?" शेठनी सवयीनं तोंड उघडलं, "वायरिंग को—" तोच बाईंनी बिल पुढे केलं: वायरिंग किटसह, फिटिंगसह, दुकानाचा शिक्का. मग वायरचं टोक ब्लेडनं खरवडलं. तांब्याचा मुलामा निघाला, खाली पांढरं ॲल्युमिनियम. अर्थचा बोल्टही रंगावरच आवळलेला, पत्र्याला धड टेकलेला नाही. शेठनी कोणी न सांगता चहा मागवला. ॲम्प त्याच दिवशी बदलून मिळाला. कंपनीला विचारावं लागलं नाही.

हल्ली काउंटरवर शेठचा स्वतःचा मल्टिमीटर असतो. तक्रार घेऊन कोणी आलं की ते दोन्ही वायरी त्याच्याच हातात देतात. "तुम्हीच बघा साहेब, माझ्यावर विश्वास नको." आकडा कितीही येवो, शेठ खेदानं मान हलवतात. "वायर बदलावी लागणार. आणि तपासणीचे शंभर वेगळे."