आजचा आकडा काय?

पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमच्या मराठवाड्यातला रिवाज. त्यावर कुणी वाद घालत नाही. त्याप्रमाणे डोहाळजेवण उरकून लेक अंबाजोगाईला आली. सोबत बॅगा, गर्भारपणात कुशीत घेऊन झोपायची म्हणून एक भलीमोठी वाकडी उशी आणि जावयांनी ऑनलाइन मागवलेलं एक गुलाबी यंत्र.

यंत्र तळहातावर मावेल एवढं. त्याला वायरनं जोडलेला एक आखूड दांडा. पोटावर जेल लावायची, दांडा फिरवायचा, की आतल्या बाळाच्या काळजाचे ठोके स्पीकरवर ऐकू येतात आणि पडद्यावर मिनिटाला किती त्याचा आकडा दिसतो. डॉक्टरांकडं असतं त्याचंच हे घरगुती धाकटं भावंड. नाव डॉपलर. मी किंमत विचारली तर जावई फोनवर म्हणाले, "मामा, मनःशांतीला किंमत नसते." मनःशांती आमच्या घरात त्याआधीही होती. तिचं बिल आलेलं नव्हतं, इतकंच.

जावई पुण्याला, हिंजवडीत. बायकोजवळ राहता येत नाही, तर निदान आकडा तरी जवळ असावा, असा त्यांचा साधा हिशोब. रोज रात्री आठला ठोके ऐकायचे आणि आकडा घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचा. आठ म्हणजे आठ. वेळेच्या बाबतीत आमच्या गावाला सांगायला नको. गावच्या योगेश्वरी देवीचं लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरलं होतं, वऱ्हाडाला उशीर झाला, मुहूर्त टळला आणि सगळं वऱ्हाड जागच्या जागी दगड झालं, ही कथा ऐकतच इथली पोरं मोठी होतात. देवी कुमारिकाच राहिली. तेव्हा आठ वाजून पाच मिनिटांनी पुण्याहून फोन वाजायला लागला की घरात सगळ्यांना आपले पाय तपासून पाहावेसे वाटत.

पहिल्या संध्याकाळी मात्र नवल झालं. दांडा टेकवला आणि दोन शेतांपलीकडं मळणीयंत्र चालू असावं तसा आवाज खोलीभर झाला. आकडा १४६. सौ.नं डोळ्यांना पदर लावला. मीही चष्मा पुसला. आमच्या वेळी यातलं काही नव्हतं. लेक पोटात असताना तिच्या ठोक्यांबद्दल मला कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही. त्या काळी बापानं दवाखान्याच्या बाहेर लिंबाच्या झाडाखाली उभं राहायचं, एवढंच काम असे.

दुसऱ्या संध्याकाळी ठोके सापडेनात.

दांडा डावीकडं नेला, उजवीकडं नेला, बेंबीखाली दाबला. खरखर. सौ. म्हणाली जेल कमी पडली. जेल वाढवली. मी म्हणालो सेल उतरले असतील. भिंतीवरच्या घड्याळाचे सेल काढून यंत्रात घातले, त्यामुळं पुढं आठ कधी वाजले हेही कळेना. मग एकदाचा बारीकसा आवाज लागला आणि पडद्यावर आला ८४. कंपनीच्या पुस्तिकेत लिहिलेलं, ११० ते १६० असायला हवेत. घरात एकदम सुतकी शांतता. लेकीचा चेहरा पांढराफटक. व्हिडिओ कॉलवर जावई म्हणाले, "मी निघतो." पलीकडून गाडीची किल्ली शोधल्याचा आवाज आला.

आणि या सगळ्या गोंधळात लेक मध्येच "आई गं!" म्हणून कळवळली. बाळानं आतून दांड्यावरच लाथ हाणली होती. लाथ एवढी सणसणीत की दांडा हललेला मी डोळ्यांनी पाहिला. त्यावर सौ. काय म्हणाली? "गप बस गं जरा, ठोके ऐकू दे!"

बाळ बिचारं हातापायांनी सांगत होतं की मी आहे, ठीक आहे, तेवढा तो गार दांडा काढा. आणि आम्ही सगळे त्याला दटावून यंत्राला विचारत होतो, बाळ कसं आहे? ते ८४ लेकीचेच ठोके निघाले. तिच्या मनगटावर बोट ठेवून मी मोजले, तंतोतंत जुळले. घाबरल्यामुळं तिची नाडीही हळूहळू शंभराकडं सरकत होती. आणखी जरा वेळ घाबरली असती तर पुस्तिकेप्रमाणं सगळं सुरळीत झालं असतं.

जावई पहाटे पोचले. चहा घेतला, बायकोला पाहिलं, एकाच दिवसाची रजा होती म्हणून दुपारी परत गेले.

मी निवृत्त मास्तर. विज्ञान शिकवून डोक्याचे केस गेले. म्हणून म्हटलं, आधी यंत्राचीच परीक्षा घ्यावी. उताणा पडलो आणि दांडा स्वतःच्या पोटावर ठेवला. पोटाच्या मधोमध मोठी धमनी असते, तिच्यातलं रक्त हे यंत्र हमखास पकडतं. माझी नाडी ७४. पडद्यावर आले १४८. यंत्रानं एकेक ठोका दोनदा मोजला होता. हे असं होतं, कधी दुप्पट मोजतं, कधी निम्मं. सौ.नं आकडा वाचला, माझ्या पोटाकडं एक नजर टाकली आणि म्हणाली, "अभिनंदन. बाळ ठणठणीत आहे." लेकीनं तेवढ्यात फोटो काढला आणि तो ग्रुपवर गेला. हिंजवडीहून "सगळं नॉर्मल" म्हणून अंगठा आला. फोटो कुणाचा आहे हे जावयांनी पाहिलं नव्हतं, आकडा पाहिला होता.

या यंत्राच्या मागचं शास्त्र मात्र झकास आहे, त्याला नावं ठेवायची नाहीत. ख्रिश्चन डॉपलर या ऑस्ट्रियन पंडितानं १८४२ साली सांगितलं, की हलत्या वस्तूकडून येणाऱ्या लहरी जवळ येताना वेगळ्या आणि लांब जाताना वेगळ्या होतात. तीन वर्षांनी हॉलंडात बाइज बालोट नावाच्या गृहस्थानं त्याची परीक्षा घेतली. कशी? आगगाडीवर तुतारीवाले बसवले, फलाटावर सुरांचे पक्के कान असलेले लोक उभे केले आणि वाजंत्र्यांसकट गाडी पुढून मागं, मागून पुढं पळवली. सूर चढले-उतरले, डॉपलर पास. ते १८४५ साल. आमच्या जिल्ह्यात हा प्रयोग करायचा म्हटलं तर परळीला जावं लागलं असतं, कारण खुद्द बीड शहरात रेल्वे पोचायला २०२५ उजाडलं. तुतारीवाले मात्र आमच्याकडं मुबलक आहेत. गेली काही वर्षं प्रचारात सोडून काही वाजवत नाहीत, तो भाग वेगळा.

सांगायचा मुद्दा, या यंत्रात जे ऐकू येतं तो ठोक्याचा आवाज नव्हेच. कानाला न ऐकू येणाऱ्या लहरी आत जातात, हलणाऱ्या काळजावरून आणि रक्तावरून परत येतात आणि त्यांतला फरक यंत्र आपल्याला आवाज करून ऐकवतं. आत हलणाऱ्या गोष्टी पुष्कळ. आईच्या धमन्या, वारेतलं रक्त, नाळ. कुठलं काय, हे ओळखायला शिकलेला कान लागतो. कान तर जुनाच. १८२१ च्या सुमारास केर्गारादेक या फ्रेंच डॉक्टरानं गर्भवतीच्या पोटाला नळी लावली ती आत पाण्याची खळखळ ऐकू येते का बघायला, आणि ऐकू आले ते बाळाचे ठोके. पुढं १८९५ मध्ये पिनार यांनी त्यासाठी लाकडी कर्णा केला. आमच्याकडच्या जुन्या नर्सबाई तशीच नळी पोटाला लावून, कान टेकवून, मनगटावरच्या घड्याळाकडं बघत ठोके मोजायच्या. त्यांचा आकडा गल्लीत जात नसे.

आमचा गेला. स्पीकरचा आवाज शेजारी जायचा, त्यामुळं आठच्या सुमारास बायका "काय गं, बरी आहेस ना" म्हणत येऊन बसू लागल्या. कोपऱ्यावरचा पानटपरीवाला सकाळी मला हटकून विचारायचा, "मास्तर, आजचा आकडा काय?" मला वाटलं, किती आस्था! नंतर कळलं, तो आणि त्याची दोन गिऱ्हाइकं त्यावर मटका लावत होती. १५२ ला त्याला थोडेफार लागलेही. त्या दिवशी पानाचे पैसे त्यानं घेतले नाहीत.

पण खरी गोष्ट पुढंच आहे. एका संध्याकाळी आकडा आला १५४ आणि बाजूच्या काकू हळहळल्या. "एकशे चाळीसच्या वर गेला की पोरगी असते. आमच्या सुनेच्या वेळी मी बोलले होते." खोलीतल्या आणखी दोघींनी माना डोलावल्या. मग काकूंनी दबक्या आवाजात विचारलं, "यात दिसत नाही का हो, काय आहे ते?"

दिसत नाही. आणि ठोक्यांवरून कळतही नाही. तिसऱ्या महिन्यात बहुतेक सगळ्याच बाळांचे ठोके दीडशेच्या पुढं असतात, दिवस भरत येतात तसे ते सावकाश उतरतात. काकूंचं शास्त्र खरं मानलं तर जगातलं प्रत्येक मूल आधी मुलगी असतं आणि मग त्यातल्या बऱ्याच जणींचा मुलगा होतो. हे मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही पुस्तकातलं बोलता."

पुस्तकातलंच बोलतो. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागं मुली होत्या ८०७. अख्ख्या महाराष्ट्रात सगळ्यांत कमी. त्याआधीच्या जनगणनेत त्याच ८९४ होत्या. २०१२ साली परळीचं स्त्रीभ्रूणहत्येचं प्रकरण बाहेर आलं आणि आमच्या जिल्ह्याचं नाव देशभरच्या वर्तमानपत्रांत झळकलं. सोनोग्राफीच्या प्रत्येक दवाखान्यात "येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही" ही पाटी कायद्यानंच लागते, आणि आमच्याकडं ती वाचूनही आत जाऊन विचारणारे होते. पोटाला कान लावायची सवय आम्हाला जुनीच आहे. बाळ बरं आहे का, हे ऐकण्यासाठी तो कान लावला जातो असं मात्र छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही. त्या दिवसापासून आठच्या बैठकीला सौ.नं दार लावून घेतलं. काकू दुखावल्या. दुखावू द्या.

भीती मात्र दारानं थांबली नाही. आकडा १३० आला तर काल १४४ होता मग आज कमी का, १५८ आला तर वाढला का. लेक आधी सकाळ-संध्याकाळ ऐकायची, मग रात्री जाग आली की ऐकायची, आणि जाग तर यायचीच, कारण ती ऐकायचं राहिलंय म्हणून येत होती. जेल संपली तर सौ.नं कुंडीतली कोरफड कापली. कुंडी आता रिकामी आहे.

सुटका केली ती आशाताईंनी आणि नंतर डॉक्टरीणबाईंनी. आशाताई कार्ड भरायला आल्या, यंत्र उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, "ताई, बाळ हलतंय का?" लेक म्हणाली, "एकशे एक्केचाळीस." "आवं ते न्हाई. हलतंय का?" लेक गप्प. दिवसभरात किती वेळा हललं, याकडं तिचं लक्षच नव्हतं. आशाताई म्हणाल्या, "दसऱ्यानंतर कोयत्यावर जाणाऱ्या बाया सातव्या-आठव्या महिन्यात उसाच्या मोळ्या उचलायल्यात. त्यांच्याकडं मशीन न्हाई आन् जवळ दवाखानाबी न्हाई. पर पोरगं हललं न्हाई की त्येंनाच पैलं कळतंय." फडात दवाखाना का नाही, हा प्रश्न मी त्यांना विचारला नाही. तो त्यांना विचारायचा नव्हेच.

डॉक्टरीणबाईंनी तेच जरा कडक सांगितलं. ठोके चालू आहेत याचा अर्थ बाळ मजेत आहे असा होत नाही. अडचणीत आलेलं बाळ आधी हालचाल कमी करतं, ठोके बरेचदा शेवटपर्यंत चालू राहतात. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २००९ साली एका बाईची हकीकत आली होती. दिवस भरत आलेले, बाळ हलेनासं झालं, पण घरच्या यंत्रात ठोके ऐकू येत होते म्हणून ती निर्धास्त राहिली. दवाखान्यात पोचली तोवर बाळ गेलं होतं. तिला ऐकू येत होतं ते बहुधा तिचंच रक्त. अमेरिकेच्या औषध प्रशासनानंही २०१४ मध्ये ही यंत्रं घरी वापरू नका, असं सांगून टाकलं. बाई म्हणाल्या, "जेवण झालं की डाव्या कुशीवर पडायचं आणि लाथा मोजायच्या. सेल लागत नाहीत." हे ऐकताना आमच्या घरात पहिल्यांदाच कुणी विनोद केला नाही.

जावयांना आता रात्री आठला लाथांचा हिशोब जातो. परवा त्यांनी विचारलं, "मामा, लाथा मोजणारं काही यंत्र मिळतं का?" मी फोन सौ.कडं दिला.

अजून महिना आहे. यंत्र कपाटात लुगड्यांखाली ठेवलंय. गल्लीतून दोन घरांनी ते मागितलं आणि दोघांनाही नाही म्हटलं. तुम्हीही मागू नका. सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या ९ तारखेला गर्भवतींची तपासणी फुकट होते, तिथं पाठवा. आणि बाळाची हालचाल कमी वाटली तर ९ तारखेची वाट पाहू नका, पुण्याला फोन लावू नका, जेल शोधू नका. १०८ लावा आणि निघा.