वाचतो सगळे, विसरत काही नाही

पोलादपुरात कोणाची गाडी कुठे गेली हे लपत नाही. मुंबई–गोवा महामार्ग इथून कशेडीकडे चढतो. महाबळेश्वरला जायचे तर वळून आंबेनळी घाट धरावा लागतो. फाट्यावरचा चहावाला मान वर न करता सांगतो, कोण कोणत्या घाटाला लागले. सोबत कोण होते, हेही. पण तो रात्री टपरी बंद करतो आणि महिन्याभरात निम्मे विसरतो.

नंबर वाचणाऱ्या कॅमेऱ्याला या दोन्ही खोडी नाहीत. पोलिसांच्या भाषेत एएनपीआर. जाणाऱ्या प्रत्येक गाडीची पाटी तो टिपतो, वेळ आणि ठिकाण नोंदवतो, हव्या असलेल्या गाड्यांच्या यादीशी ताडून पाहतो. चोरीची गाडी सापडत असेल तर कोणाची तक्रार नाही. मात्र चोराबरोबर सासुरवाडीला निघालेला जावईही त्याच वहीत चढतो. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर जुलै 2024 पासून असे कॅमेरे दंडाची चलने पाठवताहेत. उद्या ते सावित्री ओलांडून आले, तर नवल नाही.

परदेशात लोक अशा गोष्टींवरून वेळ फुकट घालवतात. टेक्सासची राजधानी ऑस्टिन इथे अशा कॅमेऱ्यांच्या नोंदी सात दिवसांत पुसायच्या असे ठरलेले होते. तरी लोकांनी नगर परिषदेत येऊन एवढी हुज्जत घातली, की जून 2025 अखेर तो प्रयोग गुंडाळावा लागला. न्यू हॅम्पशायर राज्यात जुळणी न झालेली नोंद तीन मिनिटांत पुसायची असा कायदा आहे. तेवढ्यात कशेडीचा बोगदा जेमतेम ओलांडून होतो. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने 11 मार्च 2008 रोजी दोन राज्यांचे असले कायदेच रद्द केले. म्हणणे असे, की नोंदी कशासाठी आणि कुठवर घ्यायच्या, हेच त्यांत स्पष्ट नाही.

आपल्याकडे भांडण झाले ते पाटीच्या भावावरून. 1 एप्रिल 2019 पूर्वीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा पाटी सक्तीची झाली: दुचाकीला 450 रुपये, मोटारीला 745, वर जीएसटी. मुदत मार्च 2025 ची जूनवर गेली, जूनची ऑगस्टवर, ऑगस्टची नोव्हेंबरवर. शेजारच्या राज्यात स्वस्त का, अपॉइंटमेंट का मिळत नाही, यावर घसे कोरडे झाले. एका मापाची, एका वळणाची ही सुवाच्य अक्षरे नेमकी कोणाच्या डोळ्यांसाठी, हे क्वचितच कोणी विचारले.

त्या मानाने नकळत सत्याग्रह केला तो दुचाकीवरच्या पोरांनी. पाटीवरचा 4912 असा वळवायचा की ‘पवार’ दिसावे, 214 चा ‘राम’, 8055 चा ‘बॉस’. कॅमेऱ्याने डोके आपटून घ्यावे. उरलेल्यांच्या पाटीवर जुलै-ऑगस्टमध्ये महामार्गाचा चिखल आपसूक बसतोच. 2011 पासून चाललेल्या कामाने खासगीपणाची केलेली ही सेवा सरकारी अहवालात कुठे येत नाही.

कायद्याचे म्हणाल तर 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणाला मूलभूत हक्क म्हटले. 2023 मध्ये विदासंरक्षणाचा कायदाही झाला. त्यात गुन्ह्याचा शोध आणि प्रतिबंध यांसाठी सवलती आहेत, आणि केंद्र सरकार अधिसूचना काढून आपल्या यंत्रणांना सगळ्यातूनच बाहेर ठेवू शकते. छत्री दिली आहे, फक्त पावसात उघडायची नाही.

कोकणी माणूसही तसा भाबडा. गणपतीला टोलमाफीचा पास हवा म्हणून चाकरमानी स्वतः पोलीस चौकीत जाऊन वाहनाचा क्रमांक आणि नाव लिहून देतो, वर कर्मचाऱ्याला मोदकाला या म्हणतो. कॅमेऱ्याला निदान खांब आणि वीज लागते.

तेव्हा पोलादपुरात कॅमेरा आलाच, तर नगरपंचायतीत चर्चा कशी होईल ते कार्यक्रमपत्रिकेच्या सवयीवरून सांगता येते. नालेसफाई, घरपट्टी, पथदिव्यांची बिले, नळपाणी योजना. मग अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय: फाट्यावर बसवलेल्या कॅमेऱ्यांच्या लोकार्पणासाठी मांडव, हार आणि अल्पोपाहाराच्या खर्चास मंजुरी देणे. नोंदी किती दिवस ठेवणार, असे एखाद्या सदस्याने विचारलेच, तर इतिवृत्तात ‘सविस्तर चर्चा झाली’ असे येईल.