पाच वर्षे म्हणजे किती?

दहावीच्या इतिहास-राज्यशास्त्राचा पेपर चाळीस गुणांचा. त्यातले अठ्ठावीस इतिहासाचे, उरलेले बारा राज्यशास्त्राचे. म्हणून पोरं आधी इतिहास घोकतात आणि संविधान आदल्या रात्री उरकतात. लोणावळ्यातल्या पोरांनी मात्र ते खिडकी बंद करून उरकावं. बाहेर नजर गेली की पाठांतर बिघडतं.

उदाहरणार्थ ७४वी घटनादुरुस्ती. नगरपरिषदेची मुदत पाच वर्षे, जास्त नाही. मुदत संपण्याआधी नवी निवडणूक झालीच पाहिजे. ‘चूक की बरोबर, सकारण लिहा’साठी असा प्रश्न कुठल्याही क्लासवाल्याला आवडेल.

आता खिडकी उघडा. लोणावळा नगरपरिषदेची निवडणूक झाली डिसेंबर २०१६मध्ये. त्यानंतरची थेट डिसेंबर २०२५मध्ये. पहिल्या निवडणुकीच्या वेळी पहिलीत बाराखडी गिरवणारं पोर दुसरीच्या वेळी दहावीत पोहोचलं. दुधाचे दात पडून मिसरूड फुटलं, तेव्हा कुठे गावात पुन्हा नगरसेवक उगवले. पोर मधे एकदा नापास झालं असतं, तरी संविधानाच्या हिशेबात पुढेच राहिलं असतं.

वडगावात तरी वेगळं काय? तिथल्या मावळ पंचायत समितीची मुदत मार्च २०२२मध्ये संपली आणि प्रशासक आले. प्रशासकाचा कारभार फार सुखाचा. विषय मांडणारे तेच, मंजूर करणारेही तेच. सभात्यागाची भीती नाही, कारण त्याग करायला सभाच नाही.

त्याच धड्यात मतदानाचं वय २१ वरून १८ वर आणल्याचं कौतुक आहे. लोणावळ्यात २०१७च्या सुरुवातीला अठरा पूर्ण केलेल्या मुलाने नगरसेवकासाठी पहिलं मत दिलं, तेव्हा त्याने सव्विशीही ओलांडली होती. वय खाली आणलं दिल्लीने, ते पुन्हा वर नेलं गल्लीने.

कारणं होती. ओबीसी आरक्षण, प्रभागरचना, तारखांवर तारखा. शेवटी मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून बजावलं. ते चार महिनेही पुरले नाहीत, मग ३१ जानेवारी २०२६पर्यंत मुदतवाढ मिळाली. गृहपाठ न करणाऱ्या पोराला एवढं समजूतदार न्यायालय कुठे भेटतं?

तरी पोरांनो, पेपरात पुस्तकातलंच लिहा. विधान बरोबर, कारण संविधान तसं म्हणतं. गावात पाहिलेलं लिहिलंत, तर माहिती खरी ठरेल आणि गुण जातील. आणि वेळेत लिहा. मंडळाने तुम्हाला वाढवून दिली आहेत दहा मिनिटं. जवळजवळ चार वर्षे वाढवून मिळायची, तर आधी सरकार व्हावं लागतं.