डीफॉल्ट ब्राउझरसाहेबांस अनावृत पत्र

रा. रा. डीफॉल्ट ब्राउझरसाहेब,
मुक्काम होम स्क्रीन, खालची पट्टी,
यांचे सेवेशी सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपले आभार मानायचे कधीचे राहून गेलेत. फोन घेताना आम्ही दुकानदाराचं डोकं खातो. कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, बॅटरी किती टिकते, कव्हर फुकट देणार का, स्क्रीनगार्ड लावून देणार का. ब्राउझर कोणता, हे मात्र गिऱ्हाईकही विचारत नाही आणि दुकानदारही सांगत नाही. वीजबिल, रेल्वेचं आरक्षण, दहावीचा निकाल, सातबारा, हे सगळं ज्याच्यातून बघायचं त्याची निवड परस्पर उरकलेली असते. अँड्रॉइडवर आपण बहुतेक ठिकाणी क्रोम या नावाने नांदता, आयफोनवर सफारी या नावाने. आम्ही फक्त खोका उघडायचा. केवढा त्रास वाचला!

काही नतद्रष्ट लोक म्हणतात की आपण त्या जागेवर बसलात ते कर्तबगारीवर नव्हे. आपली बाजू भक्कम करावी म्हणून मी थोडे कागद चाळले आणि ऊर भरून आला. अमेरिकी सरकारने गूगलवर भरलेल्या खटल्यात बाहेर आलं की, सफारीत शोधयंत्र म्हणून आधीपासून गूगलच असावं यासाठी गूगलने एकट्या २०२२ या वर्षात ॲपलला २० अब्ज डॉलर मोजले. म्हणजे दीड लाख कोटी रुपयांच्या वर. सफारीतल्या शोधांवर जी जाहिरातींची कमाई होते तिचे ३६ टक्के ॲपलला जातात, हे गूगलचे प्रमुख सुंदर पिचाई यांनी दुसऱ्या एका खटल्यात साक्ष देताना मान्य केलं. घरात आम्हाला कुणी हिंग लावून विचारत नाही. पण सेटिंग बदलण्याचा आमचा कंटाळा एवढ्या मोलाचा आहे, याची कल्पना नव्हती.

सरकारच्या त्या खटल्यात न्यायाधीश अमित मेहता यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये गूगलला मक्तेदार ठरवलं. गूगलचं म्हणणं होतं की आम्ही सर्वांत चांगले आहोत, म्हणून लोक आमच्याकडे येतात. असेलही. फक्त जी माणसं आपल्या पायाने येणारच आहेत, त्यांना आणण्यासाठी २० अब्ज कशाला खर्चायचे, एवढंच माझ्या मध्यमवर्गीय डोक्यात शिरत नाही. असो. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायाधीशांनी क्रोम विकायला लावण्याची सरकारची मागणी फेटाळली. दुसऱ्या कुणाला घेऊच नका, असे करार यापुढे करायचे नाहीत. जागेसाठी पैसे मोजायला मात्र हरकत नाही. आपल्या बिऱ्हाडाला धक्का लागला नाही, त्याबद्दल अभिनंदन.

बिऱ्हाड म्हटलं ते उगाच नाही. मुंबईच्या जुन्या चाळींत पागडीचे भाडेकरू असतात. मालकी एकाची, वहिवाट दुसऱ्याची, आणि उठवायचं म्हटलं तर एक पिढी कोर्टात जाते. आपलं तसंच आहे. फरक इतकाच की आपल्या जागेचं भाडं दणदणीत येतं, पण ते मालकाला, म्हणजे फोनचे हप्ते भरणाऱ्या मला, मिळत नाही. फोन बनवणाऱ्याला मिळतं. मी आपल्या चिन्हावर बोट दाबून धरून पाहिलं. इतर ॲपच्या बाबतीत 'काढून टाका' असा पर्याय येतो. आपल्या बाबतीत फार तर 'बंद करा' एवढंच, आणि तेही केलंत तर अँड्रॉइड आणि बाकीची ॲप नीट चालणार नाहीत, असा दम भरणारी चौकट. चौकटीत दोनच बटणं. मी मुकाट्याने 'रद्द करा' दाबलं. उगाच कोण जोखीम घेतो?

हे सगळं आपल्या भारतीय स्पर्धा आयोगाच्या कानावर गेलं होतं बरं का. मूळ तक्रार करणारी कुणी बडी प्रतिस्पर्धी कंपनी नव्हती; तक्रारदारांत चक्क कायद्याचा एक विद्यार्थी होता. आयोगाने मोबाइल ब्राउझरचा बाजार हा स्वतंत्र बाजार मानला. मग म्हटलं की फोन बनवणाऱ्याला प्ले स्टोअर हवं असेल तर क्रोमसकट सगळं गाठोडं घ्यावं लागतं, ठरवून दिलेल्या जागेवर मांडावं लागतं आणि ग्राहकाला ते काढता येत नाही, ही जबरदस्ती झाली. २० ऑक्टोबर २०२२ रोजी १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड झाला. आधीपासून बसवलेली ॲप ग्राहकाला काढू द्या, असंही आयोगाने बजावलं. पुढे मार्च २०२३ मध्ये राष्ट्रीय कंपनी विधि अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला आणि आयोगाचे चार आदेश तेवढे रद्द केले. त्या चारांत हा काढू देण्याचा आदेशही गेला. म्हणजे गुन्हा शाबीत, दंड वाजवी, आणि आपण होतात तिथेच. प्रकरण तिथून सर्वोच्च न्यायालयात गेलं. आपल्याला घाई नाहीच.

त्या दरम्यान गूगलने जाहीर केलं होतं की भारतात नवा फोन सुरू करताना शोधयंत्र निवडायची सोय देऊ. शोधयंत्र हं. ब्राउझर नव्हे. कुणीतरी आदेश नीट वाचून मगच सही केली असणार.

युरोपात लोक जरा हट्टी. तिथे मार्च २०२४ पासून आयफोनवर ब्राउझरची यादी दाखवावी लागते. सुरुवातीला ती यादी कधी दिसायची? सफारी उघडल्यावर! आपल्याला सोडून जायचं असेल तर आधी आपल्याच दारातून आत यायचं. युरोपीय आयोगाने चौकशी लावली, ॲपलने यादी सुधारली, मग एप्रिल २०२५ मध्ये चौकशी मिटली.

यादीचा हा खेळ आपल्या घराण्यात जुना आहे. २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टला युरोपात विंडोजवर बारा ब्राउझरांची मतपत्रिकाच दाखवावी लागली होती. कंपनीच्या स्वतःच्या एक्स्प्लोररला कायम पहिलं स्थान मिळू नये म्हणून नावं दर वेळी पिसायची होती. पिसणाऱ्या प्रोग्रॅममध्ये अशी काही गोची निघाली की नावं सारखी पिसलीच जात नव्हती. ठरावीक नावं ठरावीक कोपऱ्यांतच जास्त वेळा पडायची. ते दुरुस्त केलं. नंतर मे २०११ ते जुलै २०१२ ही मतपत्रिका दीड कोटी लोकांच्या संगणकांवरून गायबच झाली. मायक्रोसॉफ्ट म्हणाली, तांत्रिक चूक. चौदा महिने! मार्च २०१३ मध्ये त्या चुकीचे ५६.१ कोटी युरो दंडापोटी मोजावे लागले. आणि २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टविरुद्धच्या त्याच प्रकरणात त्रयस्थ म्हणून सामील व्हायला कोण पुढे आलं होतं? गूगल. ब्राउझरच्या बाजारात अजूनही फारशी स्पर्धा नाही, असं तेव्हा त्यांच्या वतीने जाहीरपणे लिहिलं ते सुंदर पिचाई यांनीच. क्रोमला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. पिचाईसाहेबांचा तो लेख मी आजही जपून ठेवावा म्हणतो. मराठीत आणून स्पर्धा आयोगाकडे पाठवला तर नवा मजकूर लिहायचे कष्ट वाचतील.

साहेब, आपण नव्हतात तेव्हाची गोष्ट सांगतो. बटणांचे फोन, टूजी, आणि मराठी साइट उघडली की अक्षरांऐवजी रांगेने चौकोन. कित्येक फोनांचा स्वतःचा ब्राउझर मराठी म्हणून चौकोनच दाखवायचा. मग कुणीतरी मित्र कानात मंत्र द्यायचा: ओपेरा मिनी टाक, पत्त्याच्या पट्टीत 'ओपेरा:कॉन्फिग' असं इंग्रजीत लिही, सगळ्यात खाली जा, तिथे अवघड लिप्यांसाठी बिटमॅप फॉन्ट वापरायचं की नाही असा प्रश्न आहे, तिथे 'येस' कर, सेव्ह कर. आणि पान पुन्हा उघडलं की चौकोनांच्या जागी काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षर, सगळं जागच्या जागी. ओपेराचे सर्व्हर तिकडे मराठी मजकुराची चित्रं करून पाठवायचे, त्यामुळे डेटा जरा जास्त जायचा. गेला तर गेला. हॉस्टेलच्या गच्चीवर रेंज शोधत मराठी ब्लॉग वाचणारी एक अख्खी फळी त्या एका 'येस'वर तयार झाली. हे काम फोनबरोबर आलेल्या ब्राउझरने केलं नाही. बाहेरून आलेल्याने केलं, कारण त्याला शिरकाव हवा होता.

त्यानंतर यूसी ब्राउझरचं राज्य आलं. स्वस्त फोनात पळायचा, क्रिकेटचा स्कोअर दाखवायचा, आणि नको त्या नट्यांच्या बातम्यांनी रात्री-बेरात्री फोन वाजवायचा. २९ जून २०२० रोजी सरकारने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली, त्यात तोही गेला. लाखो भारतीयांच्या हातातला ब्राउझर बदलल्याचा प्रसंग म्हणाल तर तो हा, आणि तोही बदलला सरकारने. रिकाम्या जागेवर कोण येऊन बसलं, हे आपल्याला मी काय सांगावं.

आपल्यामुळे आमच्या वाचनालाही शिस्त लागली आहे. मराठी बातमीची साइट उघडावी तर पहिल्या परिच्छेदानंतर गुडघेदुखीचं तेल, दुसऱ्यानंतर फ्लॅटची योजना, कोपऱ्यात आपोआप सुरू झालेला व्हिडिओ, आणि त्याची फुली मुंगीच्या डोक्याएवढी. बोट फुलीवर टेकवलं की तेलाचं दुकान उघडतं. फोनवरच्या फायरफॉक्समध्ये जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन घालता येतं. तसं केलं तर बातमी तीनच परिच्छेदांची होती, हे कळतं. आपल्या अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शनची सोयच नाही. संगणकावरच्या क्रोममध्ये आहे, फोनवर नाही. जाहिराती विकणारा आणि त्या दिसतील ती खिडकी बनवणारा एकच असला, तर खिडकीला पडदा लावायची सोय मागे पडणारच. त्यात गैर काय?

निवडीचं म्हणाल तर ती भरपूर आहे, हे मी सगळ्यांना ठणकावून सांगतो. एज घ्या, ब्रेव्ह घ्या, ओपेरा घ्या, सॅमसंगचा घ्या. अँड्रॉइडवर हे सगळे गूगलच्याच क्रोमियम या सांगाड्यावर उभे आहेत, पण रंग किती छान वेगवेगळे! आयफोनवर तर २०२० पर्यंत दुसरा ब्राउझर मुख्य म्हणून नेमताच येत नव्हता. आता नेमता येतो, पण आपल्याकडे आयफोनवर क्रोम घेतला काय की फायरफॉक्स घेतला काय, आतलं इंजिन ॲपलच्या वेबकिटचंच असावं लागतं, कारण ॲप स्टोअरचा तसा नियमच आहे. राहता राहिला अँड्रॉइडवरचा फायरफॉक्स, ज्याचं इंजिन खरोखर स्वतःचं आहे. तो बनवणाऱ्या मोझिलाच्या उत्पन्नाचा मोठा वाटा येतो गूगलकडून, शोधयंत्राच्या जागेबद्दल. विरोधी बाकावरच्या माणसाचा पगारही सत्ताधाऱ्याच्या खिशातून! आपल्या मनाच्या मोठेपणाला सीमाच नाही.

स्वदेशी ब्राउझर हवा म्हणून आपल्या सरकारने २०२३ मध्ये स्पर्धा लावली. मार्च २०२५ मध्ये चेन्नईच्या झोहोला पहिलं बक्षीस मिळालं, एक कोटी रुपये. झोहोचा 'उला' ब्राउझर वाईट नाही, पण तोही क्रोमियमवरच आहे. आणि एक कोटी म्हणजे ॲपलला मिळालेल्या त्या रकमेतली तीन-साडेतीन मिनिटांची कमाई. शर्यत लावली हे बरं झालं, निदान टाळ्या तरी वाजल्या.

आता एवढं स्तुतिपर लिहिल्यावर एक मागणं मागतो. नवा फोन सुरू होताना भाषा विचारतो, वाय-फायचा पासवर्ड विचारतो, बोटाचा ठसा घेतो, चेहरा डावीकडे-उजवीकडे वळवायला लावतो, आमचं ठिकाण मागतो, जुन्या फोनमधले फोटो आणू का म्हणतो. त्या रांगेत आणखी एक प्रश्न घालायला लावा: ब्राउझर कोणता? खाली पाच-सहा नावं, नीट पिसलेली. बरेच जण सवयीने आपल्यालाच निवडतील, आपण काळजी करू नये. आणि शोधयंत्राचाही प्रश्न तसाच विचारला, तर ते २० अब्ज डॉलर वाचतील ते वेगळेच. त्यांतले थोडे फोनच्या हप्त्यातून वळते करून द्यावेत, ही विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपला,
आधीपासून बसवलेला एक ग्राहक