शाळांचा धंदा मांडणाऱ्या साहेबांस

शालेय शिक्षण विभागात बसून पटाचे हिशेब मांडणारे साहेब,
मंत्रालय, मुंबई



आमच्या वाडीच्या गुरुजींना आपण धंद्याला लावलंत, याबद्दल मालवण तालुक्यातर्फे अभिनंदन. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे पाचवीपर्यंतच्या शाळेत १५० वर मुलं असतील तरच मुख्याध्यापक. इथे २० जमली तरी आम्ही देवाला नारळ देतो. तेव्हा एकाच खोलीत पहिली ते चौथी सांभाळणाऱ्या गुरुजींच्याच हाती प्रभारी म्हणून चाव्या.

मे महिन्यात हे प्रभारी गिऱ्हाईक शोधतात. इंग्रजी माध्यमाची गाडी वाडीत शिरण्याआधी आंब्याच्या पेट्या भरणाऱ्या बापाला गाठायचं: "झिलाक आमच्याच शाळेत घाला हां!" शाळा उघडली की यूडायस, आधार, पोषण आहाराच्या नोंदी; उरलेल्या वेळात शिकवणं. शिवाय 'मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा' स्पर्धेत राज्यात पहिलं बक्षीस ५१ लाखांचं होतं, म्हणून भिंती रंगवून फोटो चढवले. गळक्या कौलांसाठी मात्र नुसता प्रस्ताव.

सप्टेंबर २०२३ मध्ये तर आपण कमालच केलीत. शाळा दत्तक द्यायला काढल्यात: गावातली शाळा ५ वर्षांसाठी ५० लाखांना, १० वर्षांसाठी १ कोटीला, तेही वस्तू-सेवांच्या रूपात, बदल्यात शाळेला दात्याचं नाव. त्याच महिन्यात २० च्या आतल्या पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवलेत. जी शाळा उद्या उठणार, तिच्या पाटीवर नाव लावायला कोणता दाता येईल, हे प्रभारींनी विचारायचं नाही. पट का राखला नाही, एवढंच त्यांना विचारायचं.

आता पटाचं म्हणाल, तर जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या २००१ ला ८ लाख ६८ हजार होती, २०११ ला ८ लाख ४९ हजार. ती वाढवण्याची जबाबदारी प्रभारींवर टाकणारं परिपत्रक अजून आलेलं नाही; नजरचुकीने राहिलं असावं.

एक विनंती. जुलैत आठवडाभर आपणच प्रभारी व्हा. चारही वर्ग घ्या, खिचडी चाखा आणि 'आजच, तातडीने' मागितलेली माहिती भरा. नेटवर्क वर सड्यावर मिळतं, छत्री आणा. रोजच्या हजेरीचा फोटो तेवढा आपल्याच विभागाला पाठवा, नाहीतर आपण आलाच नव्हता असं धरलं जाईल.

आपला,
दोन मुलांचा बाप, म्हणजे पटाचा सहावा हिस्सा,
ता. मालवण