वरचा जिवंत, खालचा गेला

आमच्या घरात वयाचा मान ठेवायचा झाला, तर बायकोच्या आधी तो माझ्या बुटांना द्यावा लागेल. बूट २००३ च्या दिवाळीतले, लग्न २००४ च्या मे महिन्यातलं. लग्नानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत ही गोष्ट मी तीनदा बोलून दाखवली. चौथ्यांदा बोलायची गरज पडली नाही, कारण तोवर ती लक्षात ठेवायचं काम बायकोनं स्वतःकडे घेतलं होतं.

बूट म्हणजे ऑफिसला घालायचे नव्हेत. घोट्याच्या वर येणारे, तपकिरी, जाड कातड्याचे, खास डोंगरात घालायचे. त्या काळी सह्याद्रीत भटकणारे आम्ही सगळे चार-पाचशे रुपयांचे कापडी बूट घ्यायचो आणि पावसाळा संपला की टाकून द्यायचो. मी मात्र आयुष्यातला पहिला दिवाळी बोनस खिशात घालून पुण्याच्या कॅम्पात गेलो आणि ३,८०० रुपये मोजून हा जोडा घरी आणला. पगार तेव्हा नऊ हजार. आईनं किंमत विचारली, मी 'आठशे' म्हणालो. ती म्हणाली, "आठशे रुपयांत माणूस गादी करून घेतो." खरी किंमत तिला अजून ठाऊक नाही. हा लेख कुणी तिला वाचून दाखवू नये.

पुढची चौदा वर्षं त्या बुटांनी मला वागवलं. राजगड तर इतक्यांदा झाला की गुंजवण्याची कुत्री आमच्यावर भुंकायची बंद झाली. तोरणा, रतनगड झाले, आणि नळीच्या वाटेनं हरिश्चंद्रगड एकदा. ती वाट ज्यानं केली आहे त्याला 'एकदा'चा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. माझ्या लग्नात मेहुणीनं मोजड्या लपवल्या आणि पाचशे रुपये मागितले. मी म्हटलं, ठेव तुलाच. तिनं हे बूट लपवले असते, तर पीएफ काढून दिला असता.

मग गुडघे, बढती, मुलीची शाळा, या क्रमानं काहीबाही होत गेलं आणि २०१७ साली बूट माळ्यावर गेले. पण कसे गेले! ब्रशनं घासून, पॉलिश करून, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून, डांबराच्या गोळ्या घालून, दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून आणि वरून सुतळी बांधून. दर खंडेनवमीला ते खाली यायचे. स्कूटरला हार, पक्कड-पान्ह्याला हळदकुंकू आणि बुटांना झेंडूचं एकेक फूल. मुलगी म्हणायची, "बाबा, हे बूट आहेत की पादुका? एकदा सिंहासनावर ठेवून टाका आणि तुम्ही वनवासात जा." मी तिच्याकडे दुर्लक्ष करून गोळ्या बदलायचो आणि बूट पुन्हा माळ्यावर चढवायचो.

२०२४ च्या जूनमध्ये कॉलेजच्या मित्रांनी पुन्हा राजगडाचा घाट घातला. बूट उतरवले. काय देखणे दिसत होते! सात वर्षांत माझ्या चेहऱ्यावर जे काही झालं होतं, त्यातलं त्यांच्यावर काहीच झालं नव्हतं. गुंजवण्यातून चढायला लागलो तेव्हा मी इतरांच्या पायांकडे बघत होतो. पिवळे, पोपटी, जांभळे, जाळीदार, नुसती जत्रा. मनात म्हटलं, बघू कोण कुठवर टिकतं ते.

चोरदरवाज्याच्या अलीकडे जिथं रेलिंग धरून चढावं लागतं, तिथं डाव्या पायाखाली 'फस्' असा आवाज आला. पाय एकदम हलका झाला. मला वाटलं, दम बसला, लय सापडली. चार पावलं गेलो तोच मागून एक विशीतला मुलगा धावत आला. त्याच्या हातात माझा सोल होता. एखाद्याचा पडलेला रुमाल परत द्यावा तितक्या अदबीनं तो म्हणाला, "काका, हा तुमचाच ना?"

सोल धडधाकट होता, वरचा बूटही धडधाकट. पण दोघांच्या मधला जो मऊ थर होता, त्याचा शिळ्या भाकरीसारखा कुस्करा झाला होता. मी बसून तो बोटांनी चाचपला तर काळा भुगा हाताला लागला, आणि खाली बघितलं तर वाटभर सांडत आलेला. दहा मिनिटांत उजवाही गेला. त्याचा सोल मात्र कुणी आणून दिला नाही. तो रेलिंगखालून घरंगळत थेट दरीत. जोडा तो जोडाच. एकानं जीव सोडला की दुसरा फार काळ काढत नाही.

पद्मावती माचीवर ताक विकणाऱ्या एका मावशींनी माझी दशा पाहिली, काही न विचारता टोपलीतली सुतळी काढली आणि मेथीची जुडी बांधावी तसे माझे दोन्ही पाय बांधून दिले. "सावकाश उतरा," म्हणाल्या. "आन् पुढच्या बारीला बूट घालून या."

घरी आल्यावर बायकोनं एकच वाक्य उच्चारलं. "आता तरी टाकशील?" तिच्या आवाजात वीस वर्षांची वाट पाहणं होतं. मी म्हटलं, दुरुस्त करणार.

पहिला प्रयोग घरीच केला. ती इवलीशी झटपट चिकटवायची नळी आणली आणि फरशी खराब होऊ नये म्हणून खाली वर्तमानपत्र पसरलं. बूट पालथा धरून भुगा खरवडला, उरलेला एकमेव सोल चिकटवला, सरळ करून दाबून धरला. पंधरा मिनिटांनी उचलला तर बुटाबरोबर वर्तमानपत्रही उठलं, आणि वर्तमानपत्राबरोबर माझी दोन बोटं. पान छोट्या जाहिरातींचं होतं. पुढचे चार दिवस माझ्या डाव्या बुटाला 'अनुरूप जोडा हवा' हे सुवाच्य अक्षरांत लिहिलेलं होतं, आणि त्याच्या बाबतीत ते अक्षरशः खरं होतं.

मग दुकानात गेलो. तिथल्या तरुणानं बूट हातातही घेतला नाही. लांबूनच म्हणाला, "सर, हे मॉडेल बंद झालं." मी विचारलं, कधी? तो म्हणाला, "मी जॉइन व्हायच्या आधी." वय विचारलं तर पोरगा बुटांहून तीनच वर्षांनी मोठा. नवीन जोडा साडेआठ हजारांना आणि त्याला सहा महिन्यांची वॉरंटी. आम्ही चौदा वर्षं चालवलेल्या वस्तूच्या जागी सहा महिन्यांची हमी असलेली वस्तू घ्यायची आणि तिला प्रगती म्हणायचं, एवढंच त्या व्यवहारात समजण्यासारखं होतं.

त्या रात्री झोप येईना म्हणून मी बुटांच्या तळांबद्दल वाचत बसलो. (ही सवय वाईट. माणूस डॉक्टरकडे जाण्याआधी आजार वाचतो आणि दवाखान्यात भांडायला जातो.) डोंगरातल्या बुटांना रबरी सोल आला तो व्हिताले ब्रामानी नावाच्या इटालियन गिर्यारोहकामुळे. १९३५ साली आल्प्समध्ये त्याचे सहा सोबती गेले. पायांतलं तेव्हाचं पादत्राण त्या थंडीला आणि बर्फाला पुरेसं नव्हतं. दोन वर्षांत, १९३७ मध्ये, त्यानं खाचाखाचांचा रबरी तळ तयार केला आणि आपल्याच नावाची पहिली अक्षरं जोडून त्याचं नाव ठेवलं व्हिब्रॅम. हे वाचून मी गंभीर झालो. सहा माणसं गेली तेव्हा सोल तयार झाला, आणि इथं माझ्या हातून एक सोल गुंजवण्याच्या दरीत गेला होता.

शेवटी कोपऱ्यावरच्या मामांकडे गेलो. शाळेच्या भिंतीला टेकून त्यांचा पत्र्याचा स्टॉल आहे. सरकारी योजनेतला, वर 'गटई कामगार' अशी अक्षरं, त्यांतला 'ग' पावसानं पुसलेला. रोज त्यावरून जाणारा मी कित्येक दिवस हा 'टई' म्हणजे काय, याच विचारात होतो. समोर लोखंडी तिवई, बाजूला रापी, आरी, मेण लावलेल्या दोऱ्याचा गुंडा, चुकांचा डबा आणि सोल्यूशनचा उग्र वास.

मामांनी बूट हातात घेतला तो दोन्ही हातांनी. आधी जीभ बाहेर ओढून बघितली, मग टाच दाबली, मग अंगठ्याचं नख कातड्यावर रोवून वण किती वेळात भरतो ते पाहिलं. नंतर आत हात घालून डोळे मिटले. आमच्या फॅमिली डॉक्टरनं इतका वेळ मला कधी दिलेला नाही.

"वरचा जिवंत आहे," मामा म्हणाले. "खालचा गेला."

"कशानं?"

"किती वर्षं घातला नाय?"

"सात."

"मग जाणारच. मधी फोम असतो. पडून राहिला की भुगा होतो."

मी म्हटलं, अहो, पण इतका जपला होता. डांबराच्या गोळ्या, दोन-दोन पिशव्या.

मामांनी पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. "पिशवीत ठिवला व्हय?" त्यांच्या सुरात राग नव्हता, पोलीस पंचनाम्यात असते तशी नोंद होती.

रात्री वाचलेलं आठवलं आणि जुळलं. तो मधला थर पॉलियुरेथेनचा. हवेतलं बाष्प त्याच्या रेणूंच्या साखळ्या सावकाश तोडत जातं. हायड्रोलिसिस म्हणतात त्याला. दमट, कोंदट जागी हे काम लवकर होतं, आणि बूट बनवणारेच सांगतात की अधूनमधून वापरत राहिलं तर तो टिकतो. म्हणजे पुण्याचे सात पावसाळे मी प्लास्टिकच्या पिशवीत कोंडून ठेवले होते, त्यात बूट घातले होते, आणि दरवर्षी वरून झेंडू वाहिला होता.

"असला तयार सोल मिळायचा नाय," मामा म्हणाले. "टायरचा लावतो. ट्रकचा. शिलाई मारतो, नुसतं पेस्टिंग नाय करत. साडेसहाशे."

मी म्हटलं, डाव्याचा जुना सोल आहे माझ्याकडे, एकालाच टायर लावला तर? मामांनी रापी खाली ठेवली. "जोडा हाय सर. एक उंच, एक बुटका करून देऊ का? मग माझं नाव सांगत लंगडा." मी वर्तमानपत्रासकट दोन्ही बूट ठेवून आलो.

'परवा या' म्हणाले होते. परवा गेलो, काम सुरू व्हायचं होतं. नंतर चारदा गेलो. जोडे झिजवणं म्हणजे काय ते मला बुटांसाठी चपला झिजवताना कळलं. पाचव्यांदा गेलो तर स्टॉलला कुलूप आणि खडूनं लिहिलेलं : 'माउलींची सेवा. २ दिवस बंद.'

पालख्या पुण्यात आल्या होत्या. शेजारच्या पानवाल्यानं सांगितलं, भवानी पेठेत बसलेत ते, दरवर्षी बसतात. गेलो. पालखी विठोबाच्या मंदिराच्या बाजूला पाय ठेवायला जागा नव्हती. कुणी दाढी करून देतंय, कुणी पाय चेपतंय, कुणी केळी वाटतंय, आणि एका भिंतीशी ताडपत्रीवर सात-आठ जण ओळीनं बसून वारकऱ्यांच्या चपला शिवतायत. फुकट. मामा तिसरे.

"मामा, माझे बूट..."

"बसा," मामा म्हणाले. मला वाटलं, आदरानं म्हणताहेत. त्यांनी माझ्या हातात सोल्यूशनचा डबा आणि एक पट्टी दिली. "दोन्ही बाजूला लावायचं. पातळ. लगेच चिकटवायचं नाय, वाळू द्यायचं. तुमी घरी लगेच दाबलं असणार."

मी तिथं दोन तास सोल्यूशन लावत बसलो. ही सेवा होती असं लिहिलं असतं, पण मी बुटांच्या वसुलीसाठी गेलो होतो. माझ्यापुढे आलेल्या एका आजींच्या चपलेचा अंगठा तुटला होता, आधीही दोनदा तुटलेला दिसत होता. टाच इतकी झिजली होती की मागल्या बाजूनं रस्ता दिसत होता. मी म्हटलं, आजी, ही काय टिकायची नाही, अडीचशेच्या आसपास किलोमीटर जायचंय पंढरपूर. आजी म्हणाल्या, "परभणीहून आळंदीला हिच्यावरच आले का न्हाई? आता पंढरपूरपत्तुर गेली म्हंजे झालं बाबा. येताना यष्टी हाय."

मामांनी आरी घातली, दोन टाके मारले, दात लावून दोरा तोडला आणि चप्पल त्यांच्या पायाशी ठेवून तिला हात लावून नमस्कार केला. आजी पायात घालून आल्या तशा निघून गेल्या. एकदाही खाली वाकून बघितलं नाही.

बूट पुढच्या आठवड्यात मिळाले. तळाला ट्रकच्या टायरच्या जाड नागमोडी खाचा, कडेनं पांढऱ्या दोऱ्याची शिलाई. एकेका पायात वरवंटा बांधल्यासारखं वजन. मी विचारलं, टायर कितपत चांगला आहे? मामा म्हणाले, "तुमच्यापेक्षा जास्त फिरल्याला हाय." पैसे देताना मी सातशे दिले आणि 'राहू द्या' म्हणालो, तर त्यांनी पन्नास परत केले, वर म्हणाले, "पिशवीत ठिवू नका."

ठेवले नाहीत. दळण, भाजी, बँक, सगळीकडे तेच. पहिल्या पावसात बायकोनं नुकत्याच पुसलेल्या फरशीवर दारापासून फ्रिजपर्यंत टायरच्या खुणा उमटल्या, तेव्हा ती इतकंच म्हणाली, "पार्किंग खाली आहे."

श्रावणात पुन्हा राजगड केला. वाटेत चिखल होता. चोरदरवाज्याच्या थोडं अलीकडे पाणी प्यायला एका दगडावर टेकलो, तर वळणाखालून दोन पोरांचा आवाज आला.

"च्यायला, इथवर बाइक आणली रे कुणीतरी!"

"कशी आणली असेल? टायर मध्येमध्ये उचललाय बघ."

"स्टंट करत आणली असेल. फोटो काढ, वनखात्याला पाठवू."

मी बाटलीचं झाकण लावलं, उठलो आणि पुढची सगळी वाट कातळ बघून बघून त्यावरच पाय टाकत चढलो.